बरी आहे म्हणायचं नाही

आमच्या घरात तब्येतीचं कोणी विचारलं तर एकच उत्तर असतं, "आहे तशीच." ताप उतरलेला असो, मोडलेला हात जुळून आलेला असो, उत्तर तेच. "बरी आहे" असं तोंडातून काढायचं नाही. काढलं की दृष्ट लागते. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला हे आधी शिकवलं, भाजीत तिखट किती टाकायचं ते नंतर. मी बीएस्सी झालेली, तोंडाची फटकळ. मनात म्हटलं, अगं बाई, कुठे येऊन पडले मी! पण सासरची सवय अंगात कधी मुरते ते कळत नाही. काही वर्षांनी सख्ख्या बहिणीने फोनवर विचारलं तरी मी "चाललंय तसंच" म्हणायला लागले होते. माझा विश्वास बसला होता असं नाही. न म्हटल्याने आपलं काय जातं, एवढंच.

दमा मला लहानपणी नव्हता. नंदनवनचं भाड्याचं घर सोडून आम्ही शहराबाहेर बेस्याला स्वतःचं घर बांधलं, त्यानंतर सुरू झाला. तेव्हा आजूबाजूला नुसते प्लॉट होते. मग एकेक घर उभं राहायला लागलं आणि आमच्या दारासमोर रेतीचे ट्रक रिकामे व्हायला लागले. उन्हाळ्यात कुलरशिवाय जगता येत नाही, आणि कुलरमधल्या ओल्या खसचा वास आला की माझी छाती वाजायला लागायची. दिवाळीनंतर थंडी पडली की तेच. आधी पंपावर भागत होतं. मग गोळ्या आल्या, स्टेरॉइडच्या. त्यांनी तोंड सुजून पुरीसारखं झालं, साखर वाढली, हाडं दुखायला लागली. गोळी कमी केली की दमा परत. कुठलाच डॉक्टर ती गोळी माझ्यापासून सोडवू शकला नाही.

लोकांना वाटतं दम्यात श्वास आत जात नाही. चूक. तो बाहेर येत नाही. छाती गच्च भरलेली असते आणि वर आणखी हवा घ्यायची धडपड चाललेली असते. एका मे महिन्यात भर दुपारी मला असा अटॅक आला की पंप ओढून ओढून रिकामा झाला. नवऱ्याने ऑटोत घातलं. सिग्नलला गाड्यांची रांग, ऊन भाजून काढणारं, आणि हा उतरून पुढच्या गाड्यांना हात जोडत होता. मी स्वतःच्या नखांकडे बघत होते. ती जांभळी पडत होती. मला देव आठवला नाही, मुलगी आठवली नाही, काहीच आठवलं नाही. फक्त भीती होती. माणूस इतका घाबरू शकतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. दवाखान्यातून आठवड्याने घरी आले, पण ती भीती माझ्याबरोबर घरी आली. तेव्हापासून मी श्वास कधी पूर्ण सोडलाच नाही. थोडा राखून ठेवायची. सोडला आणि परत आलाच नाही तर?

दुसरं एक सांगते, हसाल. मी घरी दहावीच्या पोरांची गणिताची ट्यूशन घेते आणि माझा स्वभाव तापट आहे. पण रागवायला श्वास लागतो हो. दम्याने माझं भांडणही हिरावून घेतलं होतं. अर्ध्या वाक्यात खोकला यायचा आणि समोरचा माणूस, मग तो नवरा असो की दूधवाला, जिंकून निघून जायचा. पोरं तर मी फळ्याकडे वळले की बिनधास्त गप्पा मारायची.

धंतोलीत छातीची एक नवी डॉक्टरीण आली आहे, असं कोणीतरी सांगितलं म्हणून गेलो. वयाने माझ्या मुलीएवढीच वाटली. तिने रक्त तपासलं, नळीत फुंकायला लावलं, आणि कागदावर चित्र काढून सांगितलं की तुमच्या रक्तात एका जातीच्या पेशी गरजेपेक्षा जास्त आहेत, त्या उगाचच चिडतात आणि श्वासाच्या नळ्या सुजवतात. मी म्हटलं, माझ्याच पेशी त्या, माझ्यावरच जाणार. ती हसली. मग म्हणाली की आता एक वेगळं इंजेक्शन मिळतं, बायोलॉजिक म्हणतात त्याला, ते नेमकं त्या पेशींनाच आवरतं, स्टेरॉइडसारखं सगळ्या शरीरावर जात नाही. महिन्यातून एकदा कातडीखाली टोचायचं. महाग आहे, सगळ्यांना लागू पडतंच असंही नाही. काही महिने देऊन बघायचं, फरक दिसला तरच चालू ठेवायचं. पंप मात्र सुटणार नाही, आणि गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, हे तिने पुन्हा पुन्हा सांगितलं.

पहिलं इंजेक्शन घेतलं तेव्हा मला दोन तास तिथेच बसवून ठेवलं. क्वचित कोणाला त्रास होतो, अंगावर पित्त उठतं, घसा आवळतो, म्हणून. असं सांगितल्यावर कोणाचा घसा आवळणार नाही? मी दर मिनिटाला थुंकी गिळून बघत होते. शेजारी सासूबाई. नवऱ्याचं जरीपटक्याला दुकान, तो सोडून जायचा आणि न्यायला यायचा, म्हणून दवाखान्यात माझ्यासोबत कायम आईच, म्हणजे सासूबाईच. उमरेडकडच्या खेड्यातली बाई, पंचाहत्तरीच्या पुढची, पाठीचा कणा अजून ताठ. पूर्ण वेळ माझ्या गळ्याकडे बघत होती.

तिचं माझ्यावर प्रेम आहे, याबद्दल कधी शंका नव्हती. पण प्रेमाची तऱ्हा अशी की एकदा माझी दृष्ट काढताना तिने भिवापुरी मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. साऱ्या घरात ठसका. दृष्ट गेली की नाही देव जाणे, मी मात्र दवाखान्यात गेले. त्यानंतर ती बिचारी नुसत्या मिठानेच दृष्ट काढायची.

इंजेक्शन लागू पडलं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच मला कळलं. आधी कळलं ते असं की सकाळी उठल्यावर पंप कुठे ठेवला ते आठवेना. मग एक दिवस मी गच्चीवर चादरी वाळत घालून खाली आले आणि जिन्यात न थांबता आले. खाली उभी राहून मी जिन्याकडे बघत राहिले. त्याच आठवड्यात रेतीवाल्याने भर दारात रेती ओतायला ट्रक लावला, आणि मी बाहेर जाऊन त्याला जे धुतलं! त्याच्या गावापासून त्याच्या मालकापर्यंत सगळं काढलं, एकदाही न थांबता. ट्रक पुढे गेला. मला इतका आनंद झाला होता की मी फाटकाला धरून रडायला लागले. दारात आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मला हाताला धरून आत नेलं आणि मीठ घेऊन आली.

"इतक्या जोरानं बोलू नोको वं," ती म्हणाली. "लोकं आयकते."

डॉक्टरीण दर महिन्याला विचारायची, कसं वाटतंय. आणि मी तोंड उघडायच्या आत आई सांगायची, "तशीच आहे जी." खोकला? "येत राहते जी." जिना चढताना? "धाप लागते." मी बाजूला बसून ऐकायची आणि गप्प राहायची. का गप्प राहायची, हे आता कोणाला समजावून सांगणं कठीण आहे. माझा विश्वास नव्हता, पण भीती होती, आणि भीतीला विश्वास लागत नाही. इतक्या वर्षांनी श्वास मिळाला होता. तो मला चोरून आणल्यासारखा वाटत होता. "मी बरी आहे" म्हटलं आणि कोणी ऐकलं तर? कोण ऐकणार, ते मला विचारू नका. नळीत फुंकतानाही मी जुन्या सवयीने अर्धाच श्वास सोडायची, त्यामुळे मशीनही माझ्यासारखंच बोलायचं.

दिवाळी झाली, थंडी पडली. त्या महिन्याच्या इंजेक्शनच्या तारखेला डॉक्टरणीने फाईल उघडली आणि बराच वेळ वाचत बसली. मग म्हणाली की रक्तातल्या पेशी तर खूप कमी झाल्या आहेत, पण नुसत्या रक्ताला बरं वाटून काय उपयोग, तुम्हाला वाटायला हवं. इतके महिने देऊनही तुम्ही म्हणता फरक नाही, फुंकण्यातही विशेष नाही. मग हे उगाच टोचत राहण्यात अर्थ नाही. आजपासून थांबवू. गोळी चालू ठेवा, पुढच्या महिन्यात दुसरा काही विचार करू.

मला वाटलं होतं की औषध थांबलं तर ते माझ्या शरीरामुळे थांबेल. असं टेबलापलीकडून एका वाक्यात काढून घेतलं जाईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत होती. तिच्याही लक्षात आलं होतं की काय झालं. दोघींपैकी एकीने एकच वाक्य बोलायचं होतं. आम्ही नमस्कार करून बाहेर आलो.

गाडीत नवऱ्याने विचारलं, आज लवकर कसं झालं? मी सांगितलं. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"काहून नाही सांगितलं तू? शिकली सवरली बाई अन् हे?"

मला त्याचा राग आला, कारण तो बरोबर होता. मी म्हटलं, तुम्ही सांगायचं होतं, एक दिवस दुकान बंद ठेवून यायचं होतं. घरी येईपर्यंत आमची जुंपली. मागे आई खिडकीबाहेर बघत बसली होती. नवरा म्हणाला, उद्याच फोन करून सांग. मी हो म्हटलं आणि केला नाही. दुसऱ्या दिवशी पोरांची चाचणी होती हे निमित्त. खरं म्हणजे हातात फोन घ्यायची आणि परत ठेवून द्यायची. आता म्हणायचं ते साधं "बरी आहे" राहिलं नव्हतं. आता मागून घ्यायचं होतं, मोठ्याने, की मी बरी आहे म्हणून मला द्या. दृष्ट लागायला आणखी काय पाहिजे!

दोन दिवसांनी मी आणि आई ओट्यापाशी वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. तिने मान वर न करता बोलायला सुरुवात केली. मला वाटलं शेंगांबद्दल काहीतरी आहे.

तिला एक मुलगी होती. माझ्या नवऱ्याच्या आधीची. भिंतीवर तिचा फोटो नाही, कारण काढलाच नव्हता. लहानपणी गेली एवढंच मला माहीत होतं. कशाने गेली ते त्या दिवशी कळलं. तिला दमा होता. गावात औषध म्हणजे कंपाउंडर आणि अंगारा. पण एका वर्षी थंडी संपता संपता पोरगी छान झाली. धावायला लागली, झाडावर चढायला लागली. मायलेकी कोणाच्या तरी लग्नाला मांडवात गेल्या होत्या. तिथे नात्यातली एक बाई म्हणाली, काय वं, पोरगी तं मस्त धावते आता. आणि आई, तरुण होती तेव्हा, खूश होऊन चार बायकांत बोलून गेली, हो बाई, बरी झाली माही पोरगी. लग्नाचं जेवण झालं, घरी आल्या. तो आठवडा संपायच्या आत ती गेली. आईच्या मांडीवर.

"मी बोलली म्हणून गेली," आई म्हणाली. हातातली शेंग सोलून झाली होती, तरी ती नख मारतच होती.

मला सांगायला हवं होतं की मांडवातल्या धुळीने गेली, चुलाणाच्या धुराने गेली, औषध नव्हतं म्हणून गेली. आई, तुम्ही नाही मारलं तिला. मी हे म्हटलंसुद्धा, पण फार हळू म्हटलं. कारण माझ्याच अंगावर काटा आला होता. इतकी वर्षं मी ज्याला खुळचटपणा समजत होते, त्याच्या आत एक मेलेली मुलगी होती. त्या दिवशीही मी फोन केला नाही.

मग औषधाचा असर उतरायला लागला. आधी मला वाटलं मनाचे खेळ आहेत. सकाळी उठले की बिछान्यातच श्वास घेऊन बघायची, आत शिट्टी वाजते का ते कान देऊन ऐकायची. वाजत नव्हती. मग कधीतरी वाजल्यासारखी वाटली. मग वाजली. थंडीत समोरच्या साईटवरचे मजूर पहाटे शेकोटी पेटवायचे, त्यात प्लास्टिकही टाकायचे, आणि तो धूर खिडक्या लावल्या तरी आत यायचा. जिन्यात मी पुन्हा मधेच थांबायला लागले. पंप पुन्हा उशीखाली आला. त्या ऑटोतली दुपार रोज आठवायची. एका सकाळी फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता माझा हात खाली आला आणि मी खुर्ची धरली. पोरं एकदम शांत झाली. पोरं शांत झाली याची मला जास्त भीती वाटली.

आई आतून आली. माझ्या पाठीला कान लावला, पोरांसमोर.  पोरांना घरी जायला सांगितलं, माझ्या नवऱ्याला फोन लावला, लुगडं बदलून आली आणि चप्पल घालून दारात उभी राहिली.

वाटेत मी मनात वाक्य तयार करत होते. डॉक्टर, मला फरक होता. डॉक्टर, मी बरी होते. साधी दोन वाक्यं. दवाखान्यात डॉक्टरणीने मला बघताच आधी वाफ लावली, छाती तपासली, मग समोर बसून विचारलं की काय झालं. मी तोंड उघडलं. घसा असा आवळला की शब्दच येईना. दम्याने आवळला की भीतीने, मला सांगता येणार नाही. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

आई खुर्चीवरून उठली. टेबलाला दोन्ही हात टेकले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास वाजला.

"बाई, मी खोटं बोलली तुमच्यापाशी. दर बारीले खोटं बोलली. बरी झाली होती माही सून. तुमच्या इंजेक्शननं बरी झाली होती." मग तिने मान वर केली, छताकडे, की आणखी कुठे, आणि आवाज चढवला. "हे मी बोलली. तिनं नाही काढलं तोंडातून. लागायचं तं मले लागू दे."

डॉक्टरणीला आधी काही कळलं नाही. ती माझ्याकडे वळून विचारायला लागली तेव्हा आईने हात आडवा धरला. तिले नका विचारू जी, मले विचारा. मग त्या पोरीने, तिचं भलं होवो, माझ्याकडे न बघता सगळे प्रश्न त्या म्हातारीला विचारले. जिना चढत होत्या? चढत होती जी, दोनदा-तीनदा. झोप? आडवी पडून झोपे, बसून नाही. खोकला? नव्हता जी, काही नव्हता. एकेका उत्तराला आईचा आवाज बारीक होत होता, पण ती सांगत गेली. कोणी आपल्या गुन्ह्यांची कबुली द्यावी तशी माझं बरं असणं सांगत गेली.

डॉक्टरीण रागावली नाही. पेन खाली ठेवून म्हणाली की हे पुन्हा सुरू करू. नर्सने दंडात इंजेक्शन दिलं आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर थांबायला सांगितलं. औषधाचा असर यायला वेळ लागणार होता, दिवस, कदाचित आठवडे, हे मला माहीत होतं. मी वाकून बसले होते. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला होता.  मग लग्न होऊन आल्यापासून जे तिने मला एकदाही विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"बरं वाटते का वं तुले?"

काहीच बरं नव्हतं. धाप तशीच होती, छाती वाजत होती, आणि मी मरणाची घाबरलेली होते.

"हो आई," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. "बरी आहे मी."

आईने डोळे मिटून घेतले. हात काढला नाही. माझी छाती वाजत होती ती तिच्या तळव्याला कळत होती.